ट्रॅक्शन कंट्रोल कधी बंद करायचं? आधी खाली उतरून चाकं बघा

डॅशबोर्डवर, नाहीतर गिअरच्या आसपास, एक छोटं बटण असतं. त्यावर गाडीचं चित्र, गाडीखाली दोन नागमोडी रेघा आणि जोडीला 'ऑफ' हा शब्द. बरेच जण ते कधीच दाबत नाहीत, आणि त्यांचं काही अडतही नाही. मग एखाद्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी रुतते आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "ट्रॅक्शन बंद करा, निघेल." कधी निघते. कधी मात्र होती त्याहून वीतभर खाली जाते. हा फरक नशिबाचा नाही. इंजिनाचा जोर ज्या दोन चाकांना मिळतो, म्हणजे गाडी ज्या चाकांवर चालते, त्यांपैकी एकच चाक घसरतंय की दोन्ही, यावर सगळं अवलंबून आहे.

बटणामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पहिली गोष्ट ट्रॅक्शन कंट्रोल. हे फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर कामाला येतं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो, म्हणजे एबीएसचाच (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरायला लागलं की यंत्रणा दोन उपाय करते: इंजिनाचा जोर कमी करते आणि त्या एकट्या चाकाला ब्रेक लावते. तुम्ही पेडल पूर्ण दाबलेलं असतं, तरी इंजिन घशात काही अडकल्यासारखं आवाज करतं आणि बॉनेटखालून टरटर ऐकू येते. ती टरटर ब्रेकच्या पंपाची. बिघाड नाही.

दुसरी गोष्ट स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. कंपनीप्रमाणे नाव बदलतं: मारुतीत ईएसपी, टोयोटात व्हीएससी, होंडात व्हीएसए. स्टिअरिंग किती वळवलंय, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय आणि बाजूला किती ओढली जातेय हे ती सतत पडताळत असते. वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जायला लागली तर ती बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते. उलट, स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच निघाली तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. चारांपैकी एकाच चाकाला ब्रेक लावणं कुठल्याही चालकाला पायाने जमणार नाही, मग तो कितीही कसलेला असो.

ही यंत्रणा बॉशने १९९५ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा आणली. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात तिच्यामुळे एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचं दिसलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, ३ किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावंच लागतं. म्हणून आता स्वस्त गाड्यांतही हे बटण दिसतं.

टोयोटा आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन बंद होतं. गाडी उभी असताना ३ सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही जाते. रुतलेली गाडी काढायला बहुतेक वेळा पहिला प्रकार पुरतो, तेव्हा तोच आधी करून बघा. काही गाड्यांत बटणच नसतं, टचस्क्रीनच्या मेन्यूत शोधावं लागतं. कुठे आहे ते आज घरी उभ्या गाडीत बघून ठेवा. गुडघाभर चिखलात आणि पावसात मेन्यू चाळत बसणं फार वैतागाचं असतं.

एबीएस या बटणाने बंद होत नाही. तशी भीती बाळगू नका.

एक चाक की दोन्ही?

इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे. ते दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो किती द्यायचा हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. डावं चाक खड्ड्यावर अधांतरी असेल तर त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून उजव्यालाही काहीच मिळत नाही. उजवं चाक कोरड्या मुरमावर उभं असलं तरी डावं गरगरतं आणि गाडी जागच्या जागी.

इथे ट्रॅक्शन कंट्रोल तुमच्या बाजूने आहे. ते गरगरणाऱ्या डाव्या चाकाला ब्रेक लावतं, त्याला फिरवायला जोर लागायला लागतो आणि तेवढाच जोर उजव्याला मिळतो. म्हणून एक चाक हवेत किंवा निसरड्यावर आणि दुसरं घट्ट जमिनीवर असेल तर बटण दाबू नका. अॅक्सिलरेटर स्थिर ठेवा, टरटर सुरू झाली की ३-४ सेकंद धीर धरा. बहुतेक जण नेमके याच वेळी पाय उचलतात, कारण इंजिन दबल्यासारखं वाटतं. पाय उचलला की यंत्रणेचं कामही थांबतं.

जुन्या बोलेरो, सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ही सोय नव्हती. तिथे जाणकार चालक हँडब्रेक दोन-तीन दातांपर्यंत ओढून गाडी काढायचे. तत्त्व तेच: गरगरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा उपयोग नाही, कारण हँडब्रेक मागे लागतो. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकवर तर हा प्रयोग करूच नका.

आता उलटी परिस्थिती घ्या. दोन्ही चाकं वाळूत, दोन्ही काळ्या चिखलात, दोन्ही भुसभुशीत बर्फात. इथे ब्रेक लावून जोर पाठवायचा तरी कुठे? पलीकडचं चाकही तसंच घसरतंय. यंत्रणा दोन्ही चाकांचं घसरणं बघते आणि इंजिनाचा जोर कापते. गाडीला थोडा वेग हवा असतो, नेमका तोच मरतो. इथे बटण दाबायचं.

जमीन ओळखा

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. खाचांतला चिखल फेकला जायला चाक थोडं जोरात फिरावं लागतं. ट्रॅक्शन चालू असेल तर ते चाकाला तेवढं फिरूच देत नाही. काळ्या मातीत ट्रॅक्शन बंद, हा नियम जवळजवळ डोळे मिटून पाळावा.

कोकणातली लाल वाट मात्र वेगळी. वर बोटभर निसरडा थर आणि खाली कडक जांभा. तिथे चाकं गरगरवून फायदा नाही, हळू हातानेच पकड मिळते. पावसाळी सड्यावरच्या ओल्या गवताचंही तसंच. ट्रॅक्शन चालू ठेवा, दुसऱ्या गिअरमध्ये निघा, क्लच सावकाश सोडा.

वाळूत गाडी शिरण्याआधीच ट्रॅक्शन बंद करावं, रुतल्यावर नाही. वाळूत सगळा खेळ वेग टिकवण्याचा असतो आणि ट्रॅक्शनने एकदा जोर कापला की गाडी तिथेच बसते. जैसलमेरजवळच्या सम भागातल्या टेकड्यांवर हेच कामी येतं. किनाऱ्यावर मात्र हा सल्ला वापरायला जाऊ नका. गोव्यात पुळणीवर गाडी नेणं बेकायदा आहे, कोकणातही अनेक किनाऱ्यांवर बंदी आहे. शिवाय ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीचं पाणी आलं की चाकांखालून निघून जाते. तिथून बटण गाडी काढत नाही, ट्रॅक्टर काढतो.

ताज्या, भुसभुशीत बर्फात, विशेषतः चाकांना साखळ्या लावल्या असतील तर, ट्रॅक्शन बंद केल्याने गाडी निघायला मदत होते. मनालीच्या बाजूला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. टणक, काचेसारख्या बर्फावर मात्र उलट. तिथे चाक गरगरलं की खालचा बर्फ वितळून पाण्याचा थर होतो आणि होती ती पकडही जाते. तिथे सगळं चालू ठेवून पाय हलका ठेवा. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांना घरासमोरच्या चढावर हे दोन्ही प्रकार एकाच सकाळी भेटू शकतात, तेव्हा आधी पायाने बर्फ टोकरून बघा.

रुतलेली गाडी काढताना

१. चाक एक-दोनदा गरगरलं आणि गाडी हलली नाही तर थांबा. प्रत्येक जास्तीच्या प्रयत्नाने खड्डा खोल होतो.

२. खाली उतरून वाका. गाडीचं पोट किंवा मागचं डिफरन्शियल मातीवर टेकलंय का? टेकलं असेल तर चाकांवर वजनच उरलेलं नाही. कुठलंही बटण उपयोगाचं नाही, आधी फावड्याने पोटाखालची माती काढावी लागेल. सायलेन्सरचं टोक चिखलात बुडालं असेल तर ते मोकळं करा.

३. कुठली चाकं चालतात ते नक्की करा. बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ, बोलेरो मागच्या चाकांवर (४×४ नसेल तर). मॅट, फांद्या, गोणपाट, जे काही हाताशी असेल ते चालणाऱ्या चाकांपुढेच टाका. पुढच्या चाकांची गाडी असताना मागे दगड भरत बसलेले लोक प्रत्येक पावसाळ्यात दिसतात.

४. स्टिअरिंग सरळ करा. वळलेलं चाक चराच्या भिंतीत नांगरासारखं घुसतं.

५. टायरमधली हवा कमी करा. हे सगळ्यात जास्त उपयोगी आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम. रोजचे ३२-३३ पीएसआय असतील तर चिखलात २०-२२ पर्यंत, वाळूत १६-१८ पर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटू शकतो. परत हवा भरायला गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप हवाच. तो नसेल तर जवळचा पंक्चरवाला किती लांब आहे याचा विचार करूनच हवा सोडा.

६. गाडीत माती, वाळू, बर्फ असे मोड असतील तर आधी योग्य तो मोड लावून बघा. क्रेटासारख्या फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतही ते मिळतात. हे मोड चाकाला किती घसरू द्यायचं ती मर्यादा बदलतात, आणि नवख्या माणसाच्या हाती सरळ बंद करण्यापेक्षा बरे. त्याने भागलं नाही तर बटण.

७. बटण दाबा आणि 'ऑफ'चा दिवा स्थिर लागल्याची खात्री करा. दिवा न बघता पुढचे प्रयत्न करणं वाया.

८. बसलेल्यांना उतरवा. गाडीच्या मागे आणि चाकांच्या रेषेत कुणीही उभं राहू नये, चाकाखालून दगड गोळीसारखे उडतात. ढकलणाऱ्यांनी कोपऱ्याला, चाकापासून बाजूला उभं राहावं.

९. मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर, ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावून दुसरा. पहिल्या गिअरमध्ये जोर एकदम येतो आणि चाक लगेच सुटतं. इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा.

१०. वीतभर पुढे सरकली की अडते तिथे क्लच दाबा, गाडीला मागे येऊ द्या, मग परत पुढे. झोका वाढत गेला की बाहेर. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर बदलताना प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबू द्या. ड्युअल क्लच आणि सीव्हीटी प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या झोक्यांनी लवकर तापतात. चार-पाच झोक्यांत निघाली नाही तर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

इथे एका गोष्टीवर जास्त बोलायला हवं, कारण नुकसान इथेच होतं. स्पीडोमीटरचा काटा ३० च्या वर जाऊ देऊ नका. एक चाक थांबलेलं आणि दुसरं गरगरतंय असं असेल, तर डिफरन्शियलमुळे गरगरणारं चाक दुप्पट वेगाने फिरत असतं. काटा अनेकदा गिअरबॉक्सकडून येणारा सरासरी वेग दाखवतो. काटा ४० वर असेल तर ते चाक ताशी ८० च्या वेगाने फिरतंय, आणि डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर अशा फिरण्यासाठी बनवलेलेच नाहीत. ते तापतात, तेल पातळ होतं, गिअर चाटून जातात. टायर फुटण्याचाही धोका असतो. ट्रॅक्शन चालू असताना यंत्रणा हे होऊ देत नाही. बंद केल्यावर ती जबाबदारी तुमच्या पायावर येते.

४×४ गाड्यांचं थोडं वेगळं

बऱ्याच ४×४ गाड्यांत लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) लावली की स्टॅबिलिटी यंत्रणा आपोआप बाजूला होते आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावण्याचं काम तेवढं चालू राहतं. जिम्नीत याला ब्रेक एलएसडी म्हणतात. अशा गाडीत खडकाळ वाटेवर चाक उचललं गेलं तर काहीच दाबायची गरज नाही, पेडल स्थिर ठेवा आणि यंत्रणेला काम करू द्या. थारच्या काही मॉडेल्समध्ये मागच्या एक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल असतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त फिरलं की ते खटकन लागतं. तो आवाज ऐकून घाबरून पाय काढू नका.

जिथे बटणाला हात लावायचा नाही

पावसातला एक्स्प्रेस वे. आंबोली, ताम्हिणी, वरंध, कुठलाही घाट. ओली डांबरी सडक, त्यावर सांडलेलं डिझेल, कडेची वाळू. थोडक्यात, ताशी ३०-४० पेक्षा जास्त वेग असेल तिथे कधीच नाही. "चढावर ओढ कमी पडते म्हणून बंद करतो" असं सांगणारे भेटतात. ओल्या घाटात ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला आणि जोर कमी झाला, तर त्याचा अर्थ एवढाच की चाक घसरतंय आणि तुम्ही जास्त दाबताय. पाय हलका करा. तोच दिवा वारंवार लुकलुकत असेल तर टायरच्या खाचा मोजा. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर चालते, पण पावसाळ्यात ३ च्या खाली आलेला टायर बदलावा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की ईएससीसुद्धा काही करू शकत नाही, कारण ब्रेक लावायला खाली जमिनीची पकडच नसते.

इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरचा जोर पेडल दाबताक्षणी पूर्ण येतो, त्यामुळे तिथे ट्रॅक्शन बंद करण्याची घाई आणखी महागात पडते. निसरड्या उतारावर रीजन (पेडल सोडल्यावर मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते ती सोय) कमी पातळीवर ठेवा. जोरदार रीजन म्हणजे फक्त चालणाऱ्या चाकांना लागलेला ब्रेक, आणि तीच चाकं घसरतात.

रेस ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने बंद करणं हा वेगळा विषय आहे. सार्वजनिक रस्त्याशी त्याचा संबंध नाही.

बाहेर आल्यावर

घट्ट रस्त्यावर आल्याआल्या बटण परत दाबा. इंजिन बंद करून चालू केलं की यंत्रणा आपोआप परत लागते, काही गाड्यांत ठरावीक वेग गाठल्यावरही. पण त्यावर विसंबू नका, 'ऑफ'चा दिवा विझलेला डोळ्यांनी बघा. मग टायरमध्ये हवा भरा. कमी हवेत ताशी ३० च्या वर जाऊ नका.

दिव्यांची भाषा साधी आहे. लुकलुकतो म्हणजे यंत्रणा काम करतेय. 'ऑफ'सह स्थिर म्हणजे तुम्ही बंद केलीय. 'ऑफ'शिवाय स्थिर लागलेला म्हणजे बिघाड. फार वेळ गरगरवल्यावर ब्रेक तापले म्हणूनही यंत्रणा थोडा वेळ स्वतःला बंद करते, गाडी थंड झाली की दिवा जातो. बॅटरी काढून लावल्यावर दिवा लागला असेल तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं अंतर सरळ चालवल्यावर तो विझतो. तरीही राहिला तर दोन स्वस्त कारणं आधी तपासून घ्या: ब्रेक पेडलजवळचा स्विच आणि चाकाच्या सेन्सरवर बसलेला चिखल.

त्याच दिवशी गाडी धुवा, आणि फक्त पत्रा नाही. रिमच्या आतल्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. तिथे काळ्या मातीचा गोळा वाळून बसला की ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि लोक अलाइनमेंटचे पैसे भरून येतात.